आंबलेलं वाटप

११ जुलै, शुक्र.
रविवारी भावजी आणि वैशाली जेवायला येणार. ह्यांनी फोन ठेवला आणि नुसतं म्हणाले, "येतत." मग उगाच अंगणात जाऊन माडाकडे बघत उभे राहिले.
दोघा भावांच्या वाटण्या झाल्यापासून माझ्या ह्या जावेने इथे पाणीसुद्धा घेतलेलं नाही. मुंबईहून आली की बहिणीकडे उतरते. सासूला, आयेला, भेटते तेही पडवीतच. कोणाचं किती चुकलं ते आज लिहीत नाही. पुष्कळ लिहून झालंय.
लाईटीचा भरवसा नाही, म्हणून खोबरं-कांदा भाजून सांबाराचं वाटप आजच मिक्सरला काढलं, फ्रिजमध्ये ठेवलं. वडे, काळ्या वाटाण्याचं सांबार. अळंबी मिळाली तर सोनं. भावजींचा जीव अळंबीवर.

१२ जुलै, शनि.
बाजार. चिंब भिजले. एस.टी. स्टँडच्या कडेला शेवंती निळ्या प्लास्टिकखाली बसलेली. डोंगराकडच्या वाडीतली, पावसाळ्यात रानातली भाजी आणि अळंबी मी तिच्याकडूनच घेते. मला बघून टोपलीवरचं पान सारलं. "वयनी, तुमच्यासाटी दडवन ठेवलंय. मगाशी एकाक नाय म्हणान सांगलंय."
केळीच्या पानात बांधून दिली. दोडकी, काकड्या, भोपळ्याची फुलं पण घेतली. पिशवी जड, मन हलकं.
दुपारपासून लाईट नाही. तारांवर झाड पडलंय म्हणे.

१३ जुलै, रवि. (संध्याकाळ)
लाईट अजून नाहीच. पण दिवस किती चांगला गेला!
दोघे भाऊ एका ओळीत बसले. लहानपणी अळंबी शोधायला पहाटे कोण आधी उठायचं, ह्यावरून वाद. दोघेही खोटं बोलत होते आणि दोघांनाही ते ठाऊक होतं. अळंबी साधीच केली, कांदा, मिरची आणि वर ओलं खोबरं. आये अळंबी तोंडाला लावत नाही, तिला तो वासच सोसत नाही. तिने सांबारात वडा कुस्करला. मनाली उलट. वाटाणे बघून माझ्या लेकीने नाक मुरडलं आणि अळंबीचं पातेलंच पुढ्यात ओढलं. वैशालीने सांबार दोनदा मागून घेतलं. म्हणाली, "ताई, हे मला तिकडे जमतच नाही." मी ओट्याकडे गेले. गॅसचा धूर होत नाही, तरी डोळे पुसले.
आज इथेच राहतो म्हणाली. राहतो! आत आडवी झाली आहे. आयेच्या पण पोटात कळ येतेय म्हणे, जरा बघून

१५ जुलै, मंगळ.
दवाखान्याच्या बाकावर बसून लिहिते आहे. परवा दिवेलागणीपासून घरात उलट्या, जुलाब. आये, भावजी, हे, थोडं मलाही. वैशालीचं सगळ्यांत वाईट. रिक्षात घातली तेव्हा डोळे फिरवले तिने. काल दिवसभर सलाईन. आज बोलते आहे. देवा.
परवाचं एक लिहायला हवं. इथल्या व्हरांड्यात भावजी म्हणाले, "वयनी, जेवणात काय काय होता?" एवढंच विचारलं. डॉक्टरांना सांगायचं होतं म्हणून. पण मला ऐकू आलं ते वेगळंच: एवढ्या वर्षांनी आम्ही तुझ्या हातचं खाल्लं आणि.
मी म्हटलं, "अळंबी. बाजारातली."
डॉक्टर म्हणाले, "रानातली का? मग तेच असेल." कोणीच पुढे काही विचारलं नाही.

१६ जुलै, बुध.
ह्यांनी गावच्या ग्रुपवर टाकलं. 'स्टँडजवळ बसणाऱ्या शेवंतीकडून अळंबी घेऊ नये. आमच्या घरातील सर्व आजारी.' खाली सगळ्यांचे हात जोडलेले. कोणी दुसऱ्या ग्रुपवर पाठवलं, तिथून बाजाराच्या ग्रुपवर. संध्याकाळी माझ्या माहेरून फोन, "खरा काय गो?"
मी हो म्हटलं.

१७ जुलै, गुरु.
वैशालीला सोडलं. बहिणीकडे न जाता इथेच आली. स्वतःहून. मऊ पेज, वर तूप, लिंबाच्या लोणच्याचा खार. मी चमच्याने भरवली. तिने डोळे मिटून घेतली, आणि मग माझा हात धरून म्हणाली, "ताई, मी उगाच इतकी वर्षं..."
ह्या एका वाक्याची मी किती वाट बघितली होती. आणि आता बशी धुताना मला स्वतःच्या हातांकडे बघवेना.

१८ जुलै, शुक्र.
मनाली कपडे वाळत घालायला मागच्या पडवीत आली. म्हणाली, "आई, मी फक्त अळंबी खाल्ली होती. माका काय झाला नाय."
"तुझं वय तरणं आहे."
"आणि आजी? आजीने अळंबी खाल्लीच नाय. तरी ती आजारी."
मी चिमटे शोधत राहिले. ती उभीच. मग आत गेली.
तेरा तारखेला जे लिहिलं नाही ते आता लिहिते. सकाळी वाटपाचा डबा उघडला तेव्हा आंबूस वास आला होता. फार नाही. पण आला होता. फ्रिज आदल्या दुपारपासून बंदच होता. नवीन वाटायचं तर पाटा ह्याच पडवीत, त्यावर लाकडं रचलेली. वड्यांचं पीठ मळायचं होतं, माणसं यायची होती. मी वाटप तेलावर खूप वेळ परतलं, मसाला सढळ घातला. वास गेला. गेला असं ठरवलं.
व्हरांड्यात भावजींनी विचारलं तेव्हा पहिल्यांदा तो डबाच डोळ्यांपुढे आला होता. तोच. आणि तोंडातून अळंबी आली.

१९ जुलै, शनि.
बाजारात जायचं नव्हतं. घरात भाजीचं पान नाही. गेले.
शेवंती जागेवर नव्हती. तिला मासळीच्या बाजूला, गटाराकडे बसवलं होतं. पुढ्यात टाकळ्याच्या जुड्या तशाच. एक बाई वाकली, दुसरीने तिला कोपराने ढोसलं, दोघी पुढे गेल्या.
मी छत्री तोंडावर घेतली. तरी तिने ओळखलं. भर बाजारात मोठ्याने, "वयनी! मी काय वाकडा केलंय गो तुमचा? माझ्या पोरांनी तीच अळंबी खाल्ली! त्याच दिवशी! इचारा येवन!"
माणसं बघायला लागली. मी चालत राहिले. पळाले म्हणायला हवं. भाजी न घेताच घरी. दुपारी डाळ-भात, पापड.

२२ जुलै, मंगळ.
वैशालीला आता तिखट चालतं. ओट्याशी माझ्या शेजारी उभी राहून घावणे घालते. तिचे फाटतात. हसतो दोघी. हे बाहेरून ऐकतात आणि त्यांचा चेहरा असा फुलतो की माझ्याने बघवत नाही.
आज ती म्हणाली, "ती बाई तुमच्या ओळखीची ना? तरी असं केलं."
मी कालथा धुवायला वळले.

२३ जुलै, बुध.
ह्यांना सांगितलं. गोठ्याकडे, कोणी नसताना. सगळं, वासासकट.
आधी घराकडे बघून घेतलं. मग हळू आवाजात, "आता गप ऱ्हव."
"आणि शेवंती?"
"चार दिवसांनी लोक इसारतत. वैशालीक कळला तर जन्मात ह्या घरात पाय ठेवची नाय. माझो भाव आताच इलोसा." शेवटचं बोलताना आवाज चिरकला. माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं.

२६ जुलै, शनि.
शेवंती बाजारात नाही. तिच्या शेजारी बसणारी म्हणाली, आता येणार नाही ती, काल टोपली घेऊन दारोदार फिरली, कोणी फाटक उघडलं नाही.
मनालीला घेऊन तशीच एस.टी.ने तिच्या वाडीवर गेले. गाडीत मनालीला सगळं सांगितलं. चढण, चिखल. ती शेतातून आली, पाय धुतले नाहीत, बस म्हणाली नाही. मी उभ्यानेच सांगितलं. अळंबी चांगली होती. माझं वाटप आंबलं होतं. मला ठाऊक होतं.
ती आधी मनालीकडे बघायला लागली, हे खरं का म्हणून विचारल्यासारखी. मनालीने मान डोलावली.
"आणि तां सांगूक तू हंयसर इलंस?" वयनी नाही, तुम्ही नाही. "माका काय सांगतंस? माका म्हायत होता. थंय सांग, जंय माझा नाव घेतलंस."
मी क्षमा कर म्हटलं. ती म्हणाली, "माका काम आसा," आणि गेली. उतरताना मनालीने माझा हात धरला नाही. पुढे पुढे चालत होती.

२७ जुलै, रवि.
श्रावणातला साधाच स्वयंपाक. वरण, भात, दोडक्याची भाजी, भोपळ्याच्या फुलांची भजी. उद्या ती दोघं जाणार. वाढून झालं, सगळ्यांनी पहिला घास घेतला. आता नाही तर कधीच नाही, असं वाटलं.
"त्या दिवशी अळंबीने काही झालं नाही. सांबाराचं वाटप आंबलं होतं. मला वास आला होता, तरी मी घातलं. आणि अळंबीचं नाव घेतलं."
ह्यांनी मान खाली घातली. भावजींनी घास ताटात ठेवला. "वास येय होतो? तरी वाढलंस?"
मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार.
आणि तेवढ्यात आये. सगळं जेवण गप्प असते ती. म्हणाली, "माका आंबट लागला होता. पयल्याच घासाक."
"मग बोललंस नाय कित्याक?" हे केवढ्याने ओरडले.
"दोगव भाव हसत होते," आये म्हणाली. "कसा बोलू?" आणि रडायला लागली. ऐंशीच्या पुढची बाई, हातात घास. माझ्यामुळे.
वैशाली ताट अर्धं टाकून उठली, हात धुतला, बॅग भरायला लागली. मी दारात उभी राहिले तर म्हणाली, "ताई, सांबारासाठी नाही रागावले. पेज भरवत होतात तेव्हा सांगायचंत."

२८ जुलै, सोम.
गेले. भावजींनी आयेच्या पाया पडून घेतलं. माझ्याकडे बघून "येतंव" म्हणाले. वैशाली रिक्षात आधीच बसलेली.
ग्रुपवर तुम्ही लिहा, असं ह्यांना सांगितलं. "माज्यान जावचा नाय." मग मीच लिहिलं. अळंबी चांगली होती, चूक माझी, शेवंतीचं नाव विनाकारण घेतलं, पहिला मेसेज जिथे जिथे पाठवलात तिथे हा पण पाठवा. बघणाऱ्यांची नावं वाढत गेली. हात जोडायला ह्या वेळी कोणी नाही. माझ्या मैत्रिणीने वेगळा मेसेज केला, 'कशाला गो स्वतःची अब्रू घालवलीस?'
हे जेवले नाहीत.

३० जुलै, बुध.
पिठाच्या गिरणीत दोघी बोलत होत्या, मी आले तशा गप्प झाल्या. शेवंतीला असं रोज होत असेल. मला आज एकदा झालं तर पीठ तिथेच विसरून आले.

२ ऑगस्ट, शनि.
शेवंती आली होती. गटाराकडेच. मनाली म्हणते, बाजारवाल्यांनी जुन्या जागेवर बस म्हणून सांगितलं तर तीच नाही म्हणाली. टोपलीतल्या जुड्या अर्ध्याअधिक गेलेल्या. सगळ्या नाही.
मी पुढे उभी राहिले. लोक होते. म्हटलं, "शेवंती, टाकळो दी." मोठ्याने म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. तिने जुड्या पिशवीत टाकल्या. माझ्याकडे बघितलं नाही. "फुडे सरा, मागे गिरायक आसा." फक्त एवढंच. पण 'सरा' म्हणाली, 'तुम्ही' परत आलं. ते बरं की वाईट, घरी येईपर्यंत ठरवता आलं नाही.
दुपारी टाकळा केला, भाकरी. मी आधी स्वतः खाल्ला, सगळ्यांसमोर, मग वाढला. मनालीने घेतला. आयेने घेतला. ह्यांनी भाजीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि डाळीत भात कालवला. मी आग्रह केला नाही. मला आता कोणाला जेवणाचा आग्रह करायचा हक्क आहे का?
हात धुताना ह्यांचा मोबाईल वाजला. भावजींचा मेसेज. ह्यांनी उभ्यानेच मोठ्याने वाचला. 'चतुर्थीला आम्ही दोघं येतोय. वैशाली म्हणते, जेवण बाहेरून सांगायचं का? वयनींना विचार.'
आयेने कान टवकारले. मनाली ताटं उचलता उचलता थांबली.
हे मोबाईल धरून माझ्यासमोर उभे. "काय लिवू?"