सावरीचं फूल, बिजाचा चीक

कोसमटोला, ता. धानोरा
दि. ११ फेब्रुवारी २०२४

तीर्थरूप बाबांना संघप्रियाचा सविनय जयभीम. वि. वि.

आईलाही जयभीम. पत्र तीच वाचून दाखवणार, म्हणून दोघांनाही एकदमच लिहिते आहे. आरोग्य उपकेंद्राच्या आवारात फोन लागत नाही आणि टेकडीवर चढून लावला तर दोन वाक्यांत तुटतो. मागच्या वेळी तसाच तुटला. इथलं सगळं जंगल लाल झालं आहे असं मी म्हणाले, तेव्हा तुम्ही चिडून विचारलंत, लाल म्हणजे कोणता? आणि लाईन गेली.

चाळीस वर्षं चंद्रपुरातल्या दुकानांच्या पाट्या रंगवलेल्या माणसाला नुसतं ‘लाल’ सांगणं ही माझीच चूक. काचबिंदूनं तुमची नजर नेली त्याला आता दोन वर्षं होतील. आई सांगते, तुम्ही मागच्या खोलीतून बाहेर येत नाही, रेडिओ लावू देत नाही, प्रफुलकाका भेटायला आले तर झोपलो म्हणून सांगायला लावता. त्यामुळे तुम्ही चिडलात ते मला फार बरं वाटलं. सहा महिन्यांत पहिल्यांदाच तुम्ही मला काही विचारलं होतं.

तर तुमचा प्रश्न घेऊन मी सोमारीबाईंकडे गेले. या इथल्या जुन्या दाई, सत्तरीच्या असतील. आमचं बोलणं अर्धं मराठीत, अर्धं गोंडीत आणि उरलेलं हातवाऱ्यांनी चालतं. त्या नुसतं लाल कधी म्हणत नाहीत. नुसतं लाल म्हणणं म्हणजे नुसतं माणूस आला म्हणण्यासारखं, कोणाच्या घरचा ते नको का सांगायले, असं त्यांचं म्हणणं. मग त्यांनी मला सकाळभर फिरवलं. पळसाचा वेगळा, सावरीचा वेगळा, गुंजेचा वेगळा. मुंगीच्या पोटाचाही वेगळा, आणि तो बघताना मुंगीनं माझ्या बोटाचा चावा घेतला तो आणखी वेगळा!

शेवटी त्यांनी एका बिजाच्या झाडाला विळ्यानं बारीकशी चीर दिली. क्षणभर काहीच झालं नाही. मग आतून एक थेंब आला, गडद, घट्ट, आणि सालीवरून हळूहळू उतरू लागला. बाबा, माझं नर्सचं काम असं की रक्त मी रोज बघते. तरी अंगावर काटा आला. गोंडीत रक्ताला नेत्तूर म्हणतात. सोमारीबाईंनी त्या चिकालाही तोच शब्द वापरला. मग चिरेवर तळवा ठेवून त्या झाडाशी काहीतरी बोलल्या. काय बोलल्या ते मी विचारलं नाही.

दोघांनी तब्येत सांभाळावी. रागावायचं असेल तर पत्रातून रागवा, पण रागवा.

तुमची,
संघप्रिया


चंद्रपूर
दि. २० फेब्रुवारी २०२४

चि. संघप्रियाला रामाजीचे अनेक आशीर्वाद व जयभीम.

पत्र पोचलं. तुझी आई लिहिते आहे, सांगतो मी. तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका तिच्या आणि मुद्दे माझे. (मी सातवी पास आहे, यायले सांग. - आई)

पळसाबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस. वेगळा एवढंच लिहिलंस, म्हणजे पुन्हा तेच. मी सांगतो. शेंदरी घ्यायचा, त्यात बोटभर पिवळा, आणि देठाशी काळा. पळसाच्या कळीवर काळी मखमल असते म्हणून तो भगभगतो. काळा काढून टाक, पळस विझतो. गुंजेचंही तेच. सावरीला काळा लागत नाही. तिथे शुद्ध लाल, आणि सुकत आला की किरमिजीचा एक हात. किरमिजी हा शब्दच मुळात एका किड्याच्या नावावरून आला, हे मला माझ्या उस्तादांनी सांगितलं होतं. म्हणजे माणसानं रंगाला नाव दिलं तेव्हाही कोणाच्या घरचा ते सांगितलंच होतं. तुझी सोमारीबाई बरोबर बोलते.

आपल्या बोलण्यातही बघ. लालभडक म्हणावं तर पाटी. लालबुंद म्हणावं तर रागावलेलं तोंड. लालचुटुक म्हणावं तर पोपटाची चोच. लालचुटुक ट्रक मी आजवर रंगवला नाही, कोणी रंगवून घेतला नाही. सकाळी तांबडं फुटतं, लाल फुटत नाही. आणि आपल्या पंचशील ध्वजात लोहित आणि मांजेष्ठ, म्हणजे लाल आणि केशरी, असे दोन भाऊ आहेत. विहाराच्या भिंतीवर तो ध्वज रंगवताना एकदा माझ्या हातून ते दोघं एकसारखे झाले, तर भन्तेजींनी येऊन दोन्ही पट्ट्यांवर बोट ठेवलं. मी रात्र होऊ न देता पुन्हा रंगवला. ते सगळं मला अजून दिसतं. समोरचं दिसत नाही, पण ते दिसतं.

कुसुमच्या झाडाला तांबडी पालवी आली की कळव. ती रंगवायला मला कधी जमली नाही.

(बेटा, आता माया जागेवर लिहितो. तुये बाबा बोलता बोलता उठून बसले. माळ्यावरचे रंगाचे डबे काढाले लावले. सारे वाळून गोटा झाले होते. यायनं एकेक हातात घेऊन वास घेतला आन् हा कोणता, हा कोणता, मले सांगत गेले. एकही चुकले नाई. मी डोळे पुसले ते त्यायले दिसलं नाई, तेवढं बरं झालं. तू लिहीत राह्य.)

जेवणाची हयगय करू नकोस. आमचा जीव तुझ्यापाशी आहे हे जाणून असावीस.

बाबा आणि आई


गडचिरोली
दि. ९ मार्च २०२४

ती. बाबा आणि आईला सविनय जयभीम. वि. वि.

हे पत्र जिल्ह्याच्या दवाखान्याच्या बाकावर बसून लिहिते आहे. घाबरू नका, मी बरी आहे. पण जे झालं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला झोप येणार नाही.

नाल्यापलीकडच्या पाड्यावर इसरूची बायको सनको राहते. आठवा संपत आला होता. काल सकाळी मी फोन लावायला टेकडीवर चढले होते, तेवढ्यात पाड्यावरून सोमारीबाईंचा फोन आला. सनकोच्या अंगावरून जातं आहे, मी हात धुतले आहेत, आत तपासून बघते, असं त्या घाईनं सांगत होत्या. लाईन कधी तुटेल सांगता येत नव्हतं. एकच प्रश्न विचारायला मिळेल असं वाटलं आणि मी विचारलं, रंग कोणता.

त्या म्हणाल्या, सावरीचं फूल. आज पडलेलं. बिजाचा चीक नाई.

मग मी पोट दुखतं का विचारलं. काहीच दुखत नाही, पोर हसून राह्यली, असं त्या म्हणाल्या.

बाबा, तेवढ्यावरून मला कळलं. काळपट, घट्ट रक्त आणि दगडासारखं दुखरं पोट असतं तेव्हा वार आतल्या आत सुटलेली असते. उजळ, ताजं आणि न दुखता जाणारं असतं तेव्हा वार बाळाच्या वाटेत आडवी बसलेली असू शकते. तिथे बोट जरी लागलं तरी नळ फुटल्यासारखं होतं. मी ओरडले, बाई, हात लावू नका, तिला उठू देऊ नका, कुशीवर ठेवा, खाटेवर घालून सडकेला आणा. शेवटचे शब्द पोचले की नाही ते कळलं नाही. लाईन गेली होती.

धानोऱ्याच्या डॉक्टरांना टेकडीवरूनच कळवलं. त्यांनी रंग विचारला, दुखतं का विचारलं, आणि इथे न थांबता सरळ गडचिरोलीला न्या, मी रक्ताची सोय करायला सांगतो, म्हणाले. ड्रायव्हर दसरूनं गाडी काढली. सडकेपर्यंतचा तो अर्धा तास मी कसा काढला ते मला माहीत. सोमारीबाईंनी ऐकलं असेल का, की हात घातला असेल?

वळणावर खाट दिसली. चार गडी, आणि पुढे सोमारीबाई, दोन्ही हात छातीशी धरून. मला बघताच त्यांनी ते पुढे करून दाखवले. स्वच्छ होते.

गाडीत तिच्या अंगावरून पुन्हा जायला लागलं. सलाइन लावून मी तिच्याजवळ बसले होते. माझे हात, ओढणी, गाडीचा पत्रा, सगळं त्या एका रंगाचं झालं. खिडकीबाहेर सडकेच्या दोन्ही बाजूंना सावरी फुललेल्या, खाली सडा पडलेला. तोच रंग होता, बाबा. अगदी तोच. एरवी मी त्याला सुंदर म्हटलं असतं. काल मला त्याची भीती वाटली, आणि भीतीच्याही पलीकडचं काहीतरी वाटलं, ज्याला मला शब्द सापडत नाही. एवढा मोठा रंग आपण अंगात घेऊन हिंडतो, आणि तो आत आहे तोवर आपल्याला त्याची आठवणसुद्धा नसते!

ऑपरेशन झालं. मुलगी झाली, वजन दोन किलोला थोडं कमी. तिला काचेच्या पेटीत ठेवलं आहे. सनकोला दोन पिशव्या रक्त चढलं. त्या रक्ताच्या बदल्यात इसरूनं एक पिशवी दिली आणि दसरूनं एक. इसरू आपलीच पिशवी उजेडात धरून कितीतरी वेळ बघत उभा होता. मग मला म्हणाला, बाई, हे तर बिजाचं निघालं. मी त्याला सांगितलं, शिरेतलं रक्त असंच गडद असतं, सगळ्यांचंच.

डॉक्टर म्हणाले, योग्य प्रश्न विचारलास. तो प्रश्न माझा नव्हता, त्यांना काय सांगू?

तुमच्या आशीर्वादाची,
संघप्रिया


चंद्रपूर
दि. १८ मार्च २०२४

चि. संघप्रियाले आईचा आशीर्वाद व जयभीम.

यावेळी मीच लिहून राह्यली. तुये बाबा सांगत नाई. तुयं पत्र वाचून झाल्यावर यायनं मले पुन्हा वाचाले लावलं, मंग पुन्हा. तिसऱ्यांदा वाचताना माया आवाज बसला. ते नुसते तळहात मांडीवर ठेवून बसले.

दुसऱ्या दिवशी चहा पेता पेता मले म्हनले का आपन तं दुकानाच्या पाट्या रंगवल्या, त्यासाठीच एवढा जीव टाकला. ती दाई न लिहिता न वाचता हे सारं कोठून शिकली असन? मी म्हनलं, तिलेच इचारा. मले वाटलं, चिडतीन. तं म्हनले, इचारतो.

आता हट्ट धरून बसले का मले नेऊन सोड. प्रफुलभाऊ धानोऱ्यापावतर घेऊन येतो म्हनते. दोन वर्षं जो मानूस खोलीच्या बाहेर आला नाई, त्याले मी नको काऊन म्हनू? दवाईच्या शिश्या बांधून देतो. उजव्या डोळ्यात टाकाचं औषध दिवसातून तीनदा. भुलू नको.

पोरगी कशी आहे ते कळव. सनकोले लाडू पाठवतो.

तुयी वाट पाह्यनारी,
आई


कोसमटोला
दि. ७ एप्रिल २०२४

ती. आईला सविनय जयभीम. वि. वि.

बाबा सुखरूप आहेत. औषध तीन वेळा, न चुकता. लाडू पोचले, पाड्यावर पोचेपर्यंत निम्मे उरले, त्यात दसरूचा हात आहे.

सनको आणि बाळ मागच्या आठवड्यात घरी आली. काल सकाळी बाबांना घेऊन मी पाड्यावर गेले. सोमारीबाईंनी अंगणातल्या कुसुमच्या झाडाजवळ खाट टाकून दिली. कुसुम पालवीवर आहे. सगळं झाड कोवळ्या, ओल्या, तांबूस पानांनी भरलेलं आहे. बाबांनी एक पान गालाला लावलं, चुरडून वास घेतला. मग सोमारीबाईंना त्यांनी विचारलं, तुम्ही हे सगळं कुणाकडून शिकलात? त्या हसल्या. माझ्या हातात तीन बाया गेल्या, म्हणाल्या, त्यायच्याकडून.

सनकोनं बाळ आणून बाबांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी तिचा तळवा आपल्या अंगठ्यानं चाचपला. तिनं तो अंगठा धरला आणि सोडला नाही, म्हणून बाबांना हलता येईना. ऊन चढत चढत त्यांच्या तोंडावर आलं. मी खाट सरकवायला उठले तर त्यांनी हातानं थांबवलं. डोळे मिटलेले होते, मान वर केलेली. मग अगदी हळू म्हणाले, संघप्रिया, तांबडं दिसून राह्यलं.

मला वाटलं, ते आठवणीतलं बोलतात. तसं नव्हतं. उजव्या डोळ्यात उजेडाचा कण शिल्लक आहे असं डॉक्टर म्हणाले होते ना? दोन वर्षं अंधाऱ्या खोलीत बसलेल्या माणसाला तो कुठे सापडणार! मिटलेल्या पापणीवर उन्हाचा उजेड पडला की पापणीतलं रक्त आतून दिसतं. आपल्या सगळ्यांना दिसतं, आपण बघत नाही. मी हात आडवा धरला की ते गेलं म्हणत. काढला की आलं म्हणत. तीनदा केलं, तीनदा बरोबर सांगितलं.

मी त्यांना विचारलं नाही कोणता. त्यांनीही सांगितलं नाही. बाळ मांडीवर झोपलं होतं. ऊन सरकेल तशी सोमारीबाई आणि इसरू मिळून खाट सरकवत राहिले, बाळासकट, बाबांसकट. जेवायला हाक मारली तरी उठले नाहीत.

अजून आठ दिवस इथेच राहतो म्हणतात. त्यांच्या दोन बनियन प्रफुलकाकांबरोबर पाठव. आणि त्यांच्यासोबत तूही ये.

तुमच्या दोघांच्या मायेत राहू इच्छिणारी,
संघप्रिया