बी विंगचं पाणी

उमेळे, वसई
मंगळवार

ती. संपदावन्संना साष्टांग नमस्कार.

त्या सकाळी मी तांदूळ धुतले, मोरीतल्या नळाखाली बादली लावली, तुळशीला पाणी घातलं आणि चहाचं आधण ठेवलं. हे खालून वर आले आणि म्हणाले, "ए विंगचं पाणी सोडलंय. चहा घेतो आणि बीचं सोडतो." चहा अर्धाच राहिला. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. पत्राची सुरुवात अशी करू नये, आधी तुमचे गुडघे कसे आहेत ते विचारावं, हे मला कळतं. तर गुडघे कसे आहेत? तेल लावता ना? (लावत नसाल. बाटलीवर काय छापलंय ते मात्र पाठ असेल.)

तुमचे रोजचे संदेश पोचतात. कालचा होता, 'अडचण उगाळू नका, उपाय शोधा.' वर सूर्योदय, खाली दोन बदकं. बदकांचा संबंध लागला नाही, पण वाक्य पटलं. म्हणून इथल्या पाण्याचं सविस्तर कळवते, कारण त्या पाण्याच्याच जोरावर तुम्ही मला चार महिने बोलावताय. "बादल्या कसल्या वाहतेस, चिपळूणला दाराशी विहीर आहे, ये कायमची." माझ्यासाठी माडीवरची खोली झाडून ठेवलीत म्हणे.

आमच्या दोन्ही विंगना नळाचं पाणी सकाळी साडेपाचला येतं, मोजून चाळीस मिनिटं. गेटजवळच्या खड्ड्यात व्हॉल्व्ह आहे. कमरेएवढी लोखंडी चावी आत घालून फिरवली की वीस मिनिटं ए विंग, वीस मिनिटं बी. निवृत्त झाल्यापासून हे काम तुमचे भाऊ करायचे. (कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर केलं नसतं, हे तुम्ही जाणताच.) ते गेले तेव्हा व्हॉल्व्ह ए विंगकडे होता, तो तिकडेच राहिला, आणि चावी कोणाला सापडेना. बी विंग टँकरवर आली. टँकर दोन दिवसांआड यायचा, मधले दिवस मी खालून बादल्या आणायची, तीन जिने चढून.

मग मीटिंगा सुरू झाल्या. पहिलीत चावी हरवल्याबद्दल खेद व्यक्त झाला. दुसरीत ती कोणाच्या काळात हरवली यावर दोघांचं भांडण झालं. तिसरीत मागच्या दोन मीटिंगांत नेमकं काय ठरलं ते शोधण्यात वेळ गेला (काहीच ठरलं नव्हतं, ते दीड तासाने सापडलं). चौथीत पाच जणांची चावीशोध समिती नेमली. चहा माझ्याकडे असायचा, पाणी अर्थात ए विंगचं. आमचा सेक्रेटरी कौस्तुभ गुणी मुलगा आहे. दर वेळी कप ठेवताना हळूच विचारायचा, "काकू, काकांच्या सामानात कुठे…?" मी म्हणायची, "बघते हं." की तो बिचारा खाली मान घालायचा.

मी बादल्या भरायची ती ए विंगमध्ये तळमजल्यावर, मार्गारेटकडे. ती मूळची इथल्याच पापडी गावची, आवाज पहिल्यापासून मोठा. माझ्यासमोर ह्यांचा विषय निघाला की सगळे कुजबुजतात, हिला ते जमतच नाही. एक दिवस कोळंबी सोलता सोलता म्हणाली, "काय गं, चावी पण तुझ्या नवऱ्याबरोबर गेली काय? नवी बनव ना, बाई!" मला इतकं हसू आलं की अर्धी बादली तिच्याच ओट्यावर सांडली. चार महिन्यांत पहिल्यांदा हसले असेन.

पुढच्या मीटिंगमध्ये मी सांगितलं की नाक्यावरचा विकी वेल्डिंगवाला चावी करून देईल. कौस्तुभ म्हणाला, "काकू, प्रॉब्लेम असा आहे, माप घ्यायला खड्ड्यात हात घालावा लागेल आणि आत साप आहे." झालं. साप धामण की नाग, यात अर्धा तास गेला. शेवटी मीच म्हटलं, माप मी आणते. दुसऱ्या दिवशी विकीला गाठ मारलेली सुतळी आणि चावीच्या तोंडाचा वर्तमानपत्रावर काढलेला आकार दिला. परवा, रविवारी, साडेपाचला सगळे खाली जमले. फोटो निघाले. कौस्तुभने चावी फिरवली, आमचा नळ खोकला, तांबडं पाणी आलं, मग स्वच्छ. साप असताना माप कसं घेतलंत, हे सगळ्यांनी विचारलं. मी म्हटलं, तो मला काही बोलला नाही, मीही त्याला काही बोलले नाही.

तर उपाय शोधला. भावोजींना नमस्कार. गुडघ्यांना तेल लावा.

तुमची,
सुमेधा

ता. क. माप मी खड्ड्याचं घेतलंच नाही. ती चावी पहिल्या दिवसापासून आमच्या दाराआड आहे, ह्यांच्या रेनकोटखाली. चहाला वर येताना आणली होती, तशीच टेकवलेली. दिली असती तर दुसऱ्या कोणी फिरवली असती, ते मला बघवलं नसतं. त्यापायी बी विंगच्या बारा घरांचे हाल केले, त्यात एक घर माझंच. कौस्तुभला सांगू नका. मी सांगेन, मीटिंगमध्ये नाही, एकट्याला.

आणखी एक. माडीवरच्या खोलीत आता नारळ भरा. मी येईन ती गणपतीला, चार दिवस. रविवारी नव्या चावीचं कौतुक झालं, पाणी गेल्यावर व्हॉल्व्ह पुन्हा ए विंगकडे फिरवून ठेवला आणि चावी कौस्तुभकडे गेली. दुसऱ्या दिवशी खाली कोणीच उतरलं नाही, जो तो समजला की दुसरा उतरेल. पाच पन्नासला मी रेनकोट बाजूला केला, जुनी चावी घेतली आणि खाली जाऊन बीचं पाणी सोडलं.