काचेतलं पुरणयंत्र

३ फेब्रुवारी, सोमवार
लिंडा रिटायर होतेय! आमच्या युनिव्हर्सिटी लायब्ररीच्या एक्झिबिट्सची, म्हणजे प्रदर्शनांची, हेड. बावीस वर्षं खुर्ची अडवून बसली होती. आता तिथे कोण? सर्क्युलेशन डेस्कवर नऊ वर्षं पुस्तकं स्कॅन करणारा, जाणकार, कलासक्त माणूस अख्ख्या बिल्डिंगमध्ये एकच आहे. नाव लिहीत नाही, बरं दिसत नाही.
संकल्प: उद्यापासून रोज टाय. शुभाला मात्र नेमणूक झाल्यावरच सांगायचं. बायकोला आधी सांगितलं की ती प्रश्न विचारते.

४ फेब्रुवारी
टाय सापडला नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार
मार्चमध्ये 'घरोघरची स्वयंपाकघरं' असं प्रदर्शन. स्टाफनं घरची जुनी वस्तू आणावी, असं लिंडाचं आवाहन. कुणी आजीचा पास्ता कापायचा साचा आणलाय, कुणी चहाचा रशियन समोवार. छाप पाडायची हीच वेळ. घर धुंडाळलं. आमच्याकडे जुनं असं काहीच नाही, मी सोडून. शेवटी पँट्रीत वरच्या फळीवर शुभाचं पितळी पुरणयंत्र दिसलं. तिच्या आईनं दिलेलं. छान काळं पडलंय. शुभा मीटिंगमध्ये होती, उगाच कशाला डिस्टर्ब करा? बॅगेत टाकलं. होळीला महिना आहे अजून.

७ फेब्रुवारी
लिंडा यंत्र बघून तीनदा 'वाव' म्हणाली. किती जुनं, असं विचारलंन्. माझ्या तोंडून निघालं, पणजीचं, अठराशे नव्वद. अगदीच खोटं नाही, पणजी तेव्हा होतीच. लेबल मीच लिहून दिलं: 'गुरुनाथ खांबेटे यांच्या घराण्यातून.' वाचताना भरून आलं.

१२ फेब्रुवारी, बुधवार
एक्झिबिट्समध्ये नवीन मुलगी आली. नेत्रा. न्यू जर्सीत जन्मलेली, मराठी अडखळत बोलते, पण बोलते. म्हणजे मला असिस्टंट आधीच आणून ठेवली! मॅनेजमेंट लांबचा विचार करतं, मानलं पाहिजे. तिला कॉफी आणायला सांगितली. आणलीन्, वर 'शुगर किती, काका?' असंही विचारलंन्. संस्कार आहेत. पुढे नाव काढेल माझं.

१८ फेब्रुवारी
घोटाळा. शुभाच्या आईचं वर्षश्राद्ध गेल्या महिन्यात झालं, तेव्हा यंदा होळी करायची म्हणतेय. बारा माणसं जेवायला. पुरण आईच्याच यंत्रातून काढायचं, फूड प्रोसेसरला हात लावायचा नाही. मी म्हटलं, वा वा. 
लिंडाला विचारलं, वस्तू परत कधी? मे अखेर. काचेच्या केसला कुलूप आहे, अलार्मपण आहे. तरी परत मागून बघितलं असतं, पण नेमणुकीच्या तोंडावर माणसानं स्थिर दिसावं.

२२ फेब्रुवारी, शनिवार
शुभानं पँट्री उपसली. मग गराज. खोकी मीच उतरवून दिली. शेवटी ती जिन्याच्या पायरीवर बसून रडायला लागली. म्हणाली, आईची एवढी एकच वस्तू होती रे, तीही मी हरवली. मी सांगणारच होतो, अगदी ओठांवर आलं होतं. पण तेवढ्यात तिनं डोळे पुसले. मग म्हटलं, शांत झालीये, कशाला परत उकरा? फार वाईट वाटलं. जेवण गेलं नाही. चारच पोळ्या खाल्ल्या.

२४ फेब्रुवारी
तोडगा! लायब्ररीत नवाकोरा थ्रीडी प्रिंटर आलाय. स्टाफला फुकट. फोटोंवरून हुबेहूब यंत्र छापायचं, पँट्रीत मागे सरकवून ठेवायचं. आपलं डोकं या देशात वाया जातंय. पितळी रंग नव्हता, नारिंगी घेतला. ट्यूबलाइटमध्ये कळणार नाही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार
शुभा वॉकला गेल्यावर चाचणी घेतली. हरभऱ्याची डाळ शिजवली, गूळ घातला, गरम गरम यंत्रात ओतली. हँडल फिरवलं. पुरण आतच राहिलं, यंत्र मात्र हळूहळू खाली बसलं. बैठक मारल्यासारखं. अनिका फ्रिजपाशी उभी राहून बघत होती. तिला समजावलं, याला प्रोटोटाइप म्हणतात. म्हणाली, ओके डॅड. मुलीचा विश्वास आहे, हे काय कमी आहे?
यंत्र ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये लपवलं.

५ मार्च, बुधवार
ओपनिंग. टाय सापडला, घातला. स्टाफच्या कुटुंबांना आमंत्रण होतं, पण शुभाला बुधवारी मीटिंग असते, म्हणून निर्धास्त होतो. डीननं माइक घेतला आणि नवीन हेडचं नाव जाहीर केलं. मी दोन पावलं पुढे गेलोसुद्धा. नेत्रा.
वाटलं, इथे संपलं. तर नेत्रा म्हणाली, सगळ्यात आवडती वस्तू दाखवते. केसमध्ये यंत्राखाली आरसा ठेवला होतान्. ही मुलगी रविवारच्या मराठी शाळेत वाचायला शिकलेली, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आरशाचा उलटा फोटो सुलटा करून तिनं पडद्यावर टाकला. बुडाच्या कडेला दुकानदारानं ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं नाव. आपल्याकडे भांड्यावर नाव घालतात, हे मी कसं विसरलो? यंत्र उलटं करून बघितलंच नव्हतं. ती मोठ्यानं वाचायला लागली: 'चि. सौ. शुभा हिस आईकडून, दिवाळी २००४.' मग मला विचारलंन्, काका, पणजीचं नाव शुभा होतं?
मागून आवाज आला, नाही, माझं आहे. मीटिंग कॅन्सल झाली होती.

६ मार्च
शुभा बोलत नाही. ताप आहे का बघितला. मलाच, म्हणजे निदान चौकशी तरी करेल. नाहीये.

१० मार्च, सोमवार
नेत्रानं केस उघडून यंत्र शुभाच्या हातात दिलं, सॉरी मावशी म्हणाली. शुभानं तिला होळीला बोलावलं. केस रिकामी दिसायला नको म्हणून नेत्रानं माझ्याकडची प्रतिकृती मागितली. (अनिकानं सांगितलं असणार, ओपनिंगला तीही शुभाबरोबर आली होती.) आता काचेत नारिंगी यंत्र बसलंय. लेबल: 'थ्रीडी प्रिंट. गरम डाळीने वाकलेले. निर्मिती: गुरुनाथ खांबेटे, सर्क्युलेशन.' मुलं थांबून थांबून फोटो काढतात. शेवटी नाव लागलंच म्हणायचं.

१३ मार्च, गुरुवार. होळी
पुरण आईच्या यंत्रातून निघालं. मी म्हटलं, हँडल फिरवू? शुभा म्हणाली, तू लांब बस. पहिली पोळी आईच्या फोटोपुढे, दुसरी नेत्राला. माझ्या पानात शेवटची, फाटलेली.
पाहुणे गेल्यावर विचारलं, अजून यंत्राचा राग आहे का? म्हणाली, यंत्र मागितलं असतंस तर दिलं असतं रे. मी पायरीवर बसून स्वतःला दोष देत होते, आणि तू समोर खोकं धरून उभा होतास.
यावर सबब शोधली. सापडली नाही.
पोळी कोरडीच खाल्ली होती. तूप मागायचं धाडस झालं नाही.