शंखपुष्पीचा उतार

धामणवाडी, ता. परभणी
रविवार, २० सप्टेंबर १९९२

प्रिय सत्या,

सप्रेम नमस्कार. सहा वर्षांत आपल्यात संक्रांतीच्या कार्डापलीकडे काही गेलं-आलं नाही, त्यामुळे हे जाड पाकीट पाहून घाबरू नकोस. तुझे सूर्यभानदादा, वहिनी, लेकरं सगळी खुशाल आहेत. तुम्हीही पूर्णेला तसेच असाल.

शाळेवर नवे पत्रे पडले. बन्सीधर गुरुजी निवृत्त झाले. आता रोज पारावर बसून नव्या मास्तरांच्या चुका काढतात. पाऊस बरा आहे. मूग निघाला.

आपला माळ यंदा फुललाय. कुर्डू कमरेएवढा झालाय, आणि ओढ्याकडच्या उतारावर शंखपुष्पी इतकी दाट आलीय की पाय कुठे ठेवावा कळत नाही. पण गाजरगवतानं निम्मा माळ खाल्लाय. आठवतं, दर रविवारी आपण हाताला पोत्याचे तुकडे बांधून ते उपटायचो? मागे तानुबाई आणि तिच्या चार-पाच जणी. फुलायच्या आत उपटायचं, बी पडेपर्यंत गवताला विळा लावायचा नाही, कुणाचं जनावर आत येऊ द्यायचं नाही. दोन एकर गायरान, पण साऱ्या गावानं ऐकलं होतं आपलं. आता मी एकटीच जाते. हातावर पुरळ उठतं, खाजवत घरी येते, आणि दुसऱ्या रविवारी पुन्हा जाते. घरात बसवत नाही.

आताही हे लिहिताना दोनदा उठले. एकदा पाणी प्यायला, एकदा उगीच.

तानुबाई का येत नाही, ते तुला कुणी सांगितलं नसेल. दादाचं पीक गुरांनी तुडवलं त्याच्या दुसऱ्या रविवारी मी तिला बोलवायला गेले. ती म्हणाली, "फुलं राखायची म्हणून मान्साच्या पोटावर गुरं सोडायची व्हय, बाई? मी न्हाई यायची." मी परत आले.

सत्या, आता लिहितेच.

शहाऐंशीच्या श्रावणात भगवानराव शाळेत आले होते. सरपंच स्वतः आले, म्हणून मी खुर्ची दिली. म्हणाले, "बाई, तुमच्या फुलांच्या माळाला लागून सूर्यभाननं नांगर घातलाय. आज तिथं ज्वारी, उद्या तुमची फुलं जातील. माळ राखायचा असंल तर तहसीलला अर्ज करा. तुमी शिकलेल्या, तुमचंच ऐकतील." अर्ज त्यांनी लिहूनच आणला होता, दोन प्रती. 'धामणवाडीच्या गायरानात सूर्यभान हे बेकायदा ज्वारी, मूग पेरून कसत आहेत.' खाली फक्त माझी सही हवी होती.

तू तेव्हा शेजारच्या वर्गात पाढे घेत होतीस. तुझा आवाज मला भिंतीतून ऐकू येत होता.

मी सही केली. भीतीनं केली असं म्हटलं असतं तर बरं झालं असतं. पण तेव्हा मला खरंच वाटलं, माळ वाचेल. दादाच्या घरात दुसरी एक गुंठा जमीन नाही हे मला ठाऊक होतं. तरी केली. तहसीलातून दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच आली, आणि कुणी येऊन पाहायच्या आधीच भगवानरावांनी दादाच्या पिकात गुरं सोडली. लोक म्हणाले, बाईंचाच अर्ज आहे. पण तुमच्या वस्तीपर्यंत नुसती कुजबुज पोचली, खात्री कुणालाच नव्हती.

तू बदली मागून घेतलीस. पिंगळी स्टेशनावर गाडी यायच्या आधी मला विचारलंस, "रुख्मे, तुला काही ठाऊक होतं का गं?" मी म्हणाले, "नाही." तू माझा हात धरून ठेवलास. तो हात आजवर मला कुठे ठेवावा कळलेलं नाही.

हे आजच का, ते सांगते. भूमिहीनांनी कसलेली गायरानं त्यांच्या नावावर करायचा हुकूम आलाय, पण नव्वदच्या आधीपासून कसत असल्याचा पुरावा मागतात. दादा तुडवलेल्या रानात पुढच्याच साली पुन्हा पेरायला लागले, दरवर्षी पेरतात. पण तलाठ्यानं पीकपेऱ्यात त्यांचं नाव कधी घातलंच नाही. शहाऐंशीत दादा कसत होते हे सांगणारा सही-शिक्क्याचा कागद सबंध गावात एकच आहे: त्या अर्जाची पोच, माझ्या पेटीत.

परवा ती घेऊन दादाकडे गेले. त्यांनी बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं. सहीपाशी बोट थांबलं. मला वाटलं, ओरडतील. वहिनी आत निघून गेल्या.

"सत्याला ठाऊक हाय?" त्यांनी विचारलं.

"नाही, दादा."

"मग आदी तिला लिवा. तवर म्या ह्यो कागद घेनार न्हाई."

"दादा, तीस तारखेला सुनावणी आहे. जमीन जाईल."

"जाऊ द्या. ती तुमची बाजू घेऊन भांडली हाय आमच्याशी. म्हनायची, रुख्मी तसली न्हाई."

मी तशीच उठून आले.

मोजणीत शंखपुष्पीचा उतार दादांच्या वाट्याला जातो. तिथे नांगर चालेल. खोटं कशाला लिहू, जीव तुटतो. पण त्यांच्या नावावर सातबारा झाला नाही तर मला त्या माळावर पाय ठेवता येणार नाही. भगवानरावांना कळेल, गावात माझं बसणं-उठणं अवघड होईल. मी सुनावणीला जाणार आहे. विचारलं तर 'सही माझीच' म्हणून सांगणार आहे.

पोच या पाकिटात आहे. अस्सल आहे, नक्कल मी ठेवलेली नाही. तूच नेऊन दादांच्या हाती दे. तुझ्या हातून ते घेतील. तीस तारखेला, बुधवारी सकाळी सातला पूर्णेहून निघालीस तरी वेळेत पोचशील. मी तहसीलाच्या फाटकापाशी उभी असेन. बोलू नये वाटलं तर बोलू नकोस, सरळ आत जा.

भाऊजींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

तुझ्याशी खोटं बोललेली,
रुख्मिणी