आप्पा, माझं गणित अडलं नव्हतं

प्रिय आप्पा,

तुम्हाला जाऊन आठ महिने झाले. काल माझी पीएच.डी. झाली, ते सांगायला आईला फोन केला. ती रडायलाच लागली. दवाखान्यात शेवटच्या दिवशी तुम्ही तिला विचारलंत म्हणे, "सुजीचं गणित सुटलं का?"

आप्पा, माझं गणित अडलं नव्हतं हो!

चूक माझीच. पाच वर्षं दर रविवारी तुम्ही उचगावातून फोन करून हेच विचारायचात. मी म्हणायचे, "न्हाय सुटत." तुम्ही म्हणायचात, "सुटंल की! डोकं थंड ठिव." काही गणितं कुणालाच सुटणार नसतात आणि ती का सुटणार नाहीत हे सिद्ध करणं माझं काम, एवढं सांगायला मला काय झालं होतं? एकदा तर "तुम्हाला न्हाय कळायचं" म्हणून मी फोनच ठेवला.

आणि ते गाईड! काम बुडवून तुम्ही एसटीनं पुण्याला आलात, पिशवीत बारावीच्या गणिताचं गाईड. "दुकानदार म्हणाला, ह्यात समदी उत्तरं हाईत." मी मैत्रिणींसमोर हसले. मी कशाला हसतेय ते न कळता तुम्हीही हसलात.

जन्मभर फरश्या बसवलेल्या माणसाला कळलं नसतं? सिमेंट कालवण्याआधी तुम्ही अख्ख्या खोलीभर फरश्या कोरड्याच मांडून बघायचात. मालकानं घाई केली की म्हणायचात, "मांडल्याबिगर कसं कळंल, पावणं?" अहो, माझं गणितही फरश्यांचंच! कडांना रंग असलेल्या फरश्या. फिरवायच्या नाहीत, रंगाला रंग जुळला पाहिजे, आणि खोलीला भिंतच नाही, म्हणजे मांडून बघायचं तर ते कधी संपायचंच नाही. कसल्याही फरश्या हव्या तेवढ्या आणून दिल्या, तरी त्या अशा बसत जातील की नाही हे दर वेळी बिनचूक सांगणारी रीत असूच शकत नाही. कॉम्प्युटरकडेही नाही. तुम्ही मान डोलावून चहा मागितला असता.

थोडा राग तुमच्यावरही आहे. "नीट सांग की गं!" म्हणून एकदा तरी ओरडायचं होतंत. पोरगी अडलीय, तिला लाजवायला नको, असंच तुम्हाला वाटत राहिलं ना?

आईनं तुम्हाला काय उत्तर दिलं, ते विचारायचं धाडस आज सकाळी झालं. म्हणाली, "सुटलं म्हणून सांगितलं बघ. मला तरी कुठं म्हाईत हाय तुझं गणित?"

रविवारी उचगावला येतेय. पुठ्ठ्याचे तुकडे रंगवून आईसमोर मांडणार आहे, आणि तिला कळेपर्यंत उठणार नाही. तिलाही मी आजवर काहीच सांगितलेलं नाही, आप्पा.

तुमची,
सुजी