बोगदा नको, पूलही नको

वेनाची,
२६ जानेवारी २००७

चि. लेलंडला ताईचे अनेक आशीर्वाद.

सफरचंदांची पेटी पोचली का, हे विचारायला फोन केला, तर तू हो म्हणालास आणि ठेवून दिलास. म्हणून पत्र लिहिते. पत्राला एका शब्दात उत्तर देता येत नाही.

तुझी डोरीन गेल्यापासून तुमच्या सिअ‍ॅटलची मला काही खबरच नाही. दर निवडणुकीआधी ती मला तिची भाकितं लिहून पाठवायची. कोण जिंकेल हे ती कधीच सांगायची नाही. जिंकलेला माणूस काहीही न करण्यासाठी कोणती कारणं देईल, तेवढंच सांगायची, आणि बहुतेक वेळा तीच कारणं पेपरात यायची. मी ती पत्रं चर्चमधल्या बायकांना वाचून दाखवायचे. परवा रेडिओवर ऐकलं, की तुमच्या समुद्राकाठच्या त्या दुमजली रस्त्याचं, वायडक्टचं, काय करायचं यावर मार्चमध्ये लोकांचं मत घेणार आहेत. भूकंपात तडकलेला तो रस्ता अजून वापरात आहे? एवढी वर्षं तुम्ही केलंत तरी काय?

या वेळची भाकितं तू लिही. मला विनोद जमत नाहीत ही सबब सांगू नकोस. आयुष्यभर शाळेत रसायनशास्त्र शिकवलंस. पोरांनी तुझ्यावर केलेले विनोद तरी आठवत असतील.

आणखी एक. मारेन फोनवर चाचरत म्हणत होती, की आत्या, बाबांचं पुढे काय ते बघायला हवं. काय बघायचंय? स्पष्ट विचारलं तर हवामानाबद्दल बोलायला लागली. तुझी लेक शोभते खरी.

जेवतोस ना? माया आहेच, पत्र आलं तर ती दिसेल.

तुझी ताई,
व्हर्ना


सिअ‍ॅटल,
४ फेब्रुवारी २००७

ती. व्हर्नाताईस लेलंडचा सा. न.

सफरचंदं पोचली. काही शिजवली, ती करपली. बाकीची चांगली आहेत. डोरीन वारली तेव्हा शेजाऱ्यांनी आणून दिलेला लझान्या अजून फ्रीझरमध्ये आहे. तो संपवतो आहे. कोणतं भांडं कोणाचं, ते मला माहीत नाही. डोरीनला माहीत असतं.

तू विचारलंस म्हणून मतदानाची हकिकत लिहितो. मतपत्रिका टपालाने येणार आहे. तिच्यावर दोन प्रश्न आहेत. वायडक्ट पाडून त्या जागी बोगदा करावा का, हो किंवा नाही. वायडक्ट पाडून त्या जागी नवा उंच पूल करावा का, हो किंवा नाही. माणसाला दोन्हींना हो म्हणता येतं आणि दोन्हींना नाही म्हणता येतं. आहे तो रस्ता राहू द्यावा का, असा प्रश्न नाही. शिवाय हे मत फक्त सल्ल्यापुरतं आहे. ते पाळायचं बंधन कोणावरही नाही.

मी शाळेच्या व्यायामशाळेत झालेल्या सभेला जाऊन आलो. दारातच प्रत्येकाला एकेक हिरवी टिकली दिली. भिंतीवर दोन मोठी चित्रं लावलेली होती, एक बोगद्याचं आणि एक पुलाचं. ज्याला जे आवडेल त्यावर त्याने टिकली चिकटवायची. बोलायला उठणारा प्रत्येक जण आधी सगळ्यांचे आभार मानायचा, मग आपलं ठाम मत नाही हे बराच वेळ सांगायचा. मी तिसरं चित्र शोधत राहिलो. तेवढ्यात कॉफी संपली आणि सभाही. घरी आल्यावर पाहिलं, तर टिकली माझ्या कोटाच्या बाहीला चिकटून आली होती.

भाकीत एकच सुचलं. निकाल काहीही लागला तरी अभ्यास चालू राहील. हे डोरीनसारखं झालेलं नाही, कळतंय मला.

मुलं दर शनिवारी येतात. वायडक्टचे इंजिनियर अधूनमधून रस्ता बंद ठेवून तडे मोजतात, तसं यांचं चालतं. कर्टिस जिन्याचा कठडा हलवून बघतो. मारेन दुधाच्या डब्यावरची तारीख वाचते. मग दोघं एकमेकांकडे बघतात. मागच्या वेळी मारेन म्हणाली, की बाबा, आमच्या घराचं तळघर रिकामं आहे, त्याला स्वतंत्र दार आहे आणि वर एक खिडकीही आहे. ती मी पाहिली आहे. तिच्यातून येणाऱ्याजाणाऱ्यांचे बूट दिसतात. मग कर्टिस म्हणाला, की ज्येष्ठांसाठी एक इमारत आहे, वरच्या मजल्यावरचा फ्लॅट मिळेल, लिफ्ट आहे, बाल्कनीतून पाणी दिसतं. मला चक्कर येते हे तो विसरला असावा. मी दोघांना म्हणालो, की छान आहे, विचार करतो.

घर विकावं लागेल, हे कोणी म्हणालं नाही. पण त्याशिवाय दोन्ही जमणार नाही.

प्रकृतीला जप. आठवण ठेवतेसच.

तुझा,
लेलंड


वेनाची,
११ फेब्रुवारी २००७

चि. लेलंडला आशीर्वाद, आणि एक धपाटाही.

अरे शहाण्या, तुझ्या लक्षात कसं आलं नाही? मारेनचं तळघर हा बोगदा. कर्टिसचा वरचा मजला हा पूल. आणि ज्याच्यासाठी सभा भरवतात, टिकल्या वाटतात, तडे मोजतात, तो मोडका वायडक्ट तू आहेस. चर्चमधल्या बायकांना वाचून दाखवलं, तर त्या हसून हसून बेजार झाल्या. त्यातल्या एकीने मात्र विचारलं, की त्याला स्वतःला काय हवंय? मला सांगता येईना. मी तुझी सख्खी बहीण, आणि मला सांगता येईना. म्हणून चिडले आहे.

त्या घरातून हलायचंय का तुला? तिथे डोरीनची शिलाईची खोली आहे, परसात तिने लावलेली रुबार्बची झुडपं आहेत. जायचं असेल तर जा, मी अडवत नाही. नसेल जायचं तर तसं सांग. विचार करतो म्हणजे काय? तुमच्या त्या शहरात नाही हा शब्द बोलायला बंदी आहे का? इथे डोंगराअलीकडे आम्ही नाही म्हणतो. त्याने कोणी मरत नाही.

नाताळातला तो मासा आठवतोय ना? पांढरा, थुलथुलीत, काट्याने टोचला की पळायचा. तुला तो घशाखाली उतरायचा नाही. पण आजीला वाईट वाटेल म्हणून एकदा तू आणखी हवा म्हणालास, आणि तिने आयुष्यभर सगळ्यांत मोठा तुकडा तुझ्या ताटात वाढला. आजी गेली तेव्हा कुठे सुटलास. मुलांच्या बाबतीत तसं करू नकोस. ती तुझ्याआधी जाणार नाहीत.

भाकितं भिकार आहेत. पुन्हा लिही. थोडा चिडून लिही, डोरीन चिडूनच लिहायची.

राग आहे तिथे माया असणारच, हे तुला माहीत आहे.

तुझी ताई,
व्हर्ना


सिअ‍ॅटल,
२५ फेब्रुवारी २००७

ती. व्हर्नाताईस सा. न.

तू सांगितलंस तसं चिडून लिहितो. कारण घडलं आहे.

काल मुलं आली. तळघराचा आणि फ्लॅटचा विषय निघाला. कर्टिस म्हणाला, की मारेनची कल्पना खरोखर उत्तम आहे. मारेन म्हणाली, की छे, कर्टिसचीच उत्तम आहे. पाऊण तास ती दोघं एकमेकांच्या कल्पनेची स्तुती करत होती. मी मधे बसून पाय चोळत होतो. शेवटी कर्टिसने, तो संगणकाच्या कंपनीत आहे, त्याला अशा वेळी पद्धत सुचतेच, असा प्रस्ताव मांडला की आपण घरात मतदान घेऊ. गुप्त. म्हणजे कोणी कोणाला दुखावणार नाही. मारेन म्हणाली, की बाबा, प्रत्येकाचा आवाज ऐकला जायला हवा. शहराच्या मतपत्रिकेसारख्याच चिठ्ठ्या ती छापून आणणार आहे, तिघांना दोन-दोन. तळघर, हो किंवा नाही. फ्लॅट, हो किंवा नाही. डोरीनच्या बिस्किटांच्या डब्यात त्या टाकायच्या आणि शहराचा निकाल लागला की त्याच रविवारी मोजायच्या. मी विचारलं, की मग मी राहू कुठे, हे त्या चिठ्ठ्यांवरून ठरणार का. कर्टिस म्हणाला, की नाही बाबा, हे फक्त सल्ल्यापुरतं आहे. ताई, मी ज्या घरात बसलो होतो ते माझं आहे.

आता भाकितं. बोगदा महाग म्हणून लोक त्याला नाही म्हणतील. पूल कुरूप म्हणून त्यालाही नाही म्हणतील. मग बोगदेवाले पूल पडला म्हणून विजयसभा घेतील आणि पूलवाले बोगदा बुजला म्हणून. दोन्ही सभांना माणसं वायडक्टवरूनच जातील. लोकांना नेमकं काय म्हणायचं होतं हे समजून घेण्यासाठी एक समिती नेमली जाईल आणि तिच्या कामाची पद्धत ठरवायला दुसरी. रस्त्यावर झाडं लावा असं कोणीतरी सुचवेल आणि त्याचं कौतुक होईल. टिकल्या कमी पडतील. आणि हे सगळं चालू असताना एखादा शहाणा उठून विचारेल, की रस्त्यालाच का विचारत नाही. त्याला भरपूर टाळ्या पडतील आणि नंतर कोणी त्याला बोलावणार नाही.

डोरीनला तो रस्ता आवडायचा. गावात जाताना वरच्या मजल्यावरून जावं लागतं. तिथून समुद्र आणि पलीकडचे डोंगर दिसतात. ती काच खाली करायची आणि मला सावकाश चालवायला सांगायची. मागच्या गाड्या भोंगे वाजवायच्या. येताना खालचा मजला, नुसतं काँक्रीट. तेव्हा ती काच वर करून दिवसभराच्या बातम्या सांगायची. हल्ली मी गावात जात नाही. जाणं जमेल, पण परत यायचं नको वाटतं.

तू विचारलंस त्याचं उत्तर देतो. मला इथेच राहायचं आहे. दोन्ही चिठ्ठ्यांवर नाही लिहीन. मासा पुन्हा मागणार नाही. शब्द देतो.

काळजी करू नकोस. केलीस तर तीही आवडते.

तुझा,
लेलंड


सिअ‍ॅटल,
१९ मार्च २००७

ती. व्हर्नाताईस सा. न.

पेपरात वाचलं असशील. लोकांनी बोगद्याला नाही म्हटलं आणि पुलालाही नाही म्हटलं. दोन्ही बाजूंचे लोक आपण जिंकलो असं सांगत आहेत. माझं भाकीत खरं झालं. हे ज्या माणसाला सांगावं ते घरात नाही, एवढंच.

काल घरचा निकाल होता. मी सामन मासा भाजला, बटाटे उकडले. सामन करपला नाही. जेवणानंतर मारेनने डबा उघडला आणि चिठ्ठ्या टेबलावर मांडल्या. तळघर, हो एक, नाही दोन. फ्लॅट, हो एक, नाही दोन.

मग कर्टिस म्हणाला, की निकाल काहीही असो, या प्रक्रियेतून आपल्याला खूप शिकायला मिळालं. मारेन म्हणाली, की यावर आणखी अभ्यास करायला हवा, घाई नको. दोघांचेही चेहरे उतरतील असं मला वाटलं होतं. उलट कर्टिसने बटाटे परत वाढून घेतले. मारेन हसली. आईच्या शिलाईच्या खोलीतले पडदे धुवायला झालेत, म्हणाली.

ताई, मी शब्द मोडला. त्या दोन्ही चिठ्ठ्यांवरचे हो माझे आहेत.

पेन्सिल हातात घेतली तेव्हा नाहीच लिहायचं होतं. पण डोळ्यांसमोर तळघर पुसून काढणारी मारेन आली. सुट्टी टाकून फ्लॅट बघत फिरणारा कर्टिस आला. एकाला हो म्हणालो तर दुसऱ्याला वाईट वाटेल, म्हणून दोघांनाही हो म्हणालो. सल्ल्यापुरतंच तर होतं. आजीपुढे जे केलं तेच.

ती दोघं गेल्यावर मी भांडी घासायला घेतली. एक ताट घासून झालं तेव्हा कुठे डोक्यात हिशेब लागला. दोन्ही हो माझे, तर उरलेले सगळे नाही त्या दोघांचे. मारेनने स्वतःच्या तळघराला नाही म्हटलं होतं आणि कर्टिसने स्वतःच्या फ्लॅटला. मला हवं असेल म्हणून ती दोघं सुचवत होती. त्यांना हवं असेल म्हणून मी छान म्हणत होतो. हे घर मोडावं असं कोणालाच वाटत नव्हतं. तिघांनी मिळून ते मोडायला काढलं होतं. कारण कोणीच कोणाला नाही म्हणत नव्हतं.

हात पुसले. कोट स्वयंपाकघराच्या दारामागे टांगलेला होता. बाहीवरची ती हिरवी टिकली काढली आणि दाराच्या चौकटीवर चिकटवली. कशासाठी, ते मलाही नीट सांगता येणार नाही.

तेवढ्यात मारेन परत आली. तिचा स्कार्फ राहिला होता. तिला टिकली दिसली. हे काय बाबा, म्हणून विचारलं. मी नेहमीप्रमाणे काही नाही म्हणणार होतो. ताई, तुझी आठवण झाली. मग सांगितलं, की त्या सभेत मला एक मत दिलं होतं, ते द्यायला तिथे जागा नव्हती, म्हणून इथे दिलं. मला या घरातून जायचं नाही. तुझ्याकडेही नाही आणि कर्टिसच्या त्या इमारतीतही नाही.

तिने स्कार्फ उचलून गळ्याभोवती गुंडाळला. मला वाटलं, दुखावली. मग म्हणाली, बरं. दाराजवळ आली. टिकलीला लोकर लागली होती, त्यामुळे तिची एक कडा सुटत होती. मारेनने ती अंगठ्याने दाबून धरली, चिकटेपर्यंत. मग विचारलं, की कठडा मी आणि कर्टिस मिळून बसवला तर चालेल का. मी म्हणालो, चालेल.

हो कोणाचे होते, ते तिला सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस.

रुबार्बला कोंब आले आहेत. उद्या गावात जाऊन येईन म्हणतो, वरच्या मजल्यावरून.

तुझी माया जशी आहे तशीच उभी राहू दे. नव्याने काही बांधू नकोस.

तुझा,
लेलंड