ग्रोनेसच्या दगडावरचा तडा

२ ऑगस्ट, शुक्रवार

ग्रोनेसला पोचलो! बसने फाट्यावर सोडलं. पाठीवर तंबू, एका हातात पातेल्याची पिशवी, दुसऱ्या हातात धाकट्या वीडेचं बोट. चार वर्षांचा माणूस दोन किलोमीटर चालला आणि शेवटच्या चढाला 'माझे पाय संपले' म्हणून बसला. थोरली सिग्ने सातची. नकाशा तिच्याकडे, त्यामुळे ती पुढे.

इथे तंबू ठोकायला कोणाला विचारावं लागत नाही. भाडं नाही, पावती नाही, फाटक नाही. कोणाच्या घरासमोर नको, एक-दोन रात्रींच्या वर नको, त्रास देऊ नका, नासधूस करू नका — बस्स! सगळा देश उन्हाळा एवढ्यावर काढतो. आणि नगरपालिकेला हेच खुपतंय! चौदा तारखेला समितीपुढे ठराव आहे: ग्रोनेसच्या टोकावर तंबूबंदी. कारण काय, तर कोणीतरी उघड्या दगडावर जाळ केला आणि दगड फुटला. ठरावाला फोटो जोडलाय. काळा डाग, मधोमध तडा, वरचा पापुद्रा ताटलीसारखा निघालेला.

विरोधात बोलणार मी. वाचनालयातली नोकरी सांभाळून अठरा वर्षं याच हक्कासाठी सभा गाजवतेय. या वेळी मात्र हक्काच्या मागे आणखी काहीतरी आहे. माझा नवरा योआर मला पहिल्यांदा इथे घेऊन आला होता. सिग्ने तेव्हा जन्मायची होती. त्याला जाऊन दोन हिवाळे झाले. वीडेला बाप फोटोतलाच माहीत. निजताना दोघांना एकच गोष्ट हवी असते — बाबा आणि आई ग्रोनेसला आले, बाबांनी जाळ केला, कॉफी उतू गेली, आणि समुद्रातल्या सील प्राण्यासारखा दिसणारा एक दगड शेजारी बसून सगळं बघत होता.

बंदी आली तर बाप जिथे तंबूत निजला तिथे ही दोघं पुन्हा कधी निजणार नाहीत.

३ ऑगस्ट

सकाळीच अ‍ॅलरिक आला. टेकडीपलीकडचं लाल घर त्याचं. आयुष्यभर बोटी बंदरात आणून लावल्या, आता सत्तरी ओलांडली. बंदीचा अर्ज त्याचाच!

'तंबू माझ्या खिडकीतून दिसतो का, बघायला आलो.'

'दिसतो?'

'नाही ना! चिडायलासुद्धा जागा ठेवली नाहीस.'

मी कॉफी दिली. सिग्नेने दालचिनीचा बन दिला. वीडेने विचारलं, 'आजोबा, तुमचे दात खरे आहेत?' 'निम्मे,' तो म्हणाला, 'कुठले निम्मे ते बन चावून बघतो.'

मग मुद्द्यावर आला. 'हा दगड बर्फाने हजारो वर्षं घासून गुळगुळीत केला. तुमच्यातल्या कोणाला तरी सॉसेज भाजायचं होतं. एका संध्याकाळात फुटला. झाड परत वाढतं. दगड वाढत नाही, बाई.'

'आमच्यातल्या नाही!' माझा आवाज चढलाच. 'ज्याला हा किनारा आपला वाटतो तो दगडावर जाळ करत नाही! बाहेरचे येतात, त्यांना माहीत नसतं. त्यांना शिकवा. पोरांना का हाकलता?'

'वा! चौदा तारखेला हेच म्हण. पाठ झालेलं दिसतंय.'

गेला. जाताना वीडेला म्हणाला, 'खालचे दात खोटे होते बघ.'

वाक्य मात्र चांगलं आहे. 'ज्याला हा किनारा आपला वाटतो तो...' भाषणाची सुरुवात याच वाक्याने करणार.

४ ऑगस्ट

दोन रात्री झाल्या, आज निघायचं. तंबू गुंडाळत होते. मुलं ब्लूबेरी वेचत पलीकडच्या उतारावर गेली होती. तेवढ्यात सिग्नेची हाक आली — 'आई! सील सापडला!'

धावले. खरंच सील! तसाच, मान वळवून बसलेला. त्याच्या समोर सपाट कातळ. कातळावर काळा डाग. मधोमध तडा.

ठरावातला फोटो. त्याच्या कडेला एक गोल सावली आहे, तिच्याकडे मी लक्षच दिलं नव्हतं. ती सीलची पाठ होती.

वीडे तड्यात बोट घालून नाचत होता. 'बाबांची चूल! बाबांची चूल!'

सिग्ने नाचली नाही. 'आई, तू काल आजोबांना म्हणालीस, ज्याला किनारा आपला वाटतो तो असं करत नाही. मग बाबांना वाटत नव्हता?'

मी वीडेला तड्यावरून बाजूला उचललं.

'वाटत होता,' म्हणाले. 'चूक झाली.'

'पण बाबांना माहीत नव्हतं का? ते तर सगळ्यांना सांगायचे, जाळ वाळूत करा.'

वीडेने विचारलं, 'काडेपेटी कोणाच्या खिशात होती?'

'आठवत नाही,' म्हणाले. 'चला, बस चुकेल.'

७ ऑगस्ट

भाषण लिहायला बसले. पहिलं वाक्य खोडलं. दुसरं सुचेना.

११ ऑगस्ट

गप्प राहता येईल. अ‍ॅलरिकला तो डाग तीन वर्षांपूर्वी दिसला, सगळे म्हणतात पर्यटकांचा. पण सिग्नेला ठाऊक आहे! आज बटाटे सोलताना सहज विचारलं तिने — 'तू त्या लोकांना खरं सांगणार ना?'

सांगणार.

१४ ऑगस्ट

सभागृह भरलेलं. सिग्ने पहिल्या रांगेत, वीडे तिच्या मांडीवर झोपलेला. कागद नेलाच नाही.

म्हणाले — 'फोटोतला दगड बाहेरच्या कोणी फोडला नाही. माझ्या नवऱ्याने फोडला. दहा वर्षांपूर्वी. त्याचं या किनाऱ्यावर तुम्हा कोणाहून कमी प्रेम नव्हतं. प्रेम होतं आणि तरी चूक झाली. चूक करणारे आपल्यातलेच असतात. म्हणून कुलूप नको, शिकवण हवी. ही माझी मुलं. जाळ कुठे करायचा नाही, हे ती तो तडा बघून शिकली आहेत. त्यांना तिथे जाऊच दिलं नाही तर शिकणार कुठे?'

मग अ‍ॅलरिक उठला. मला वाटलं, आता फाडून खाणार! 'माझा अर्ज मी मागे घेतो,' म्हणाला आणि खाली बसला.

तरी मतं घेतली. ठराव पडला. सहा विरुद्ध तीन.

दारात त्याने माझा हात धरला. 'मेलेल्या माणसाचं नाव घेऊन खरं बोलायला काळीज लागतं.'

जिंकलो. जेवण गेलं नाही.

१७ ऑगस्ट

सिग्नेने हट्ट धरला म्हणून पुन्हा ग्रोनेस. या वेळी वाळूत छोटा जाळ, सॉसेज, कुरकुरीत रोटी. सगळं नियमाने.

जेवण झाल्यावर ती एकटीच वर गेली. बराच वेळ आली नाही म्हणून बघायला गेले. कातळावर गुडघे टेकून बसली होती. दात घासायचा ब्रश समुद्राच्या पाण्यात बुडवून डाग घासत होती. तड्यावर खरचटलेल्या गुडघ्याला लावायच्या औषधी चिकटपट्ट्या चिकटवल्या होत्या. पाच. ओल्या दगडावर एकही नीट बसत नव्हती.

मी दिसले तशी म्हणाली, 'बाबांना आता येता येत नाही ना. म्हणून त्यांच्या वतीने मी सॉरी म्हटलं.'

तिच्याजवळ बसले. दगड उन्हाने तापला होता. सील बघत होता.

१८ ऑगस्ट

काडी मी ओढली होती. योआर म्हणत होता, 'दगडावर नको गं, तडकेल. खाली वाळूत करू.' मी हसून म्हणाले होते, 'दगड सगळ्यांचा आहे!'

सिग्ने उठली की आधी तिला सांगायचं. मग अ‍ॅलरिकला.